एकशे चार किलोंखालची चाकं : प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर २०२५

कालच्या दसऱ्याचा झेंडू अजून हँडलला होता आणि ठाण्यात येऊरच्या चढावर मागून ‘टण्ण’ झालं. स्पोक गेला. मागचं चाक, डावी बाजू, म्हणजे डिस्क ब्रेकची. याआधीचेही याच बाजूचे गेलेत. चाकाला इतका आउट, म्हणजे डावी-उजवी डुलकी, आला की टायर फ्रेमला घासायला लागला. तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळला आणि उपवनपर्यंत हळूहळू उतरलो.

दर खेपेला एक स्पोक बदलण्यात आता राम नाही. चाकांची जोडीच नवीन करायची. हिशेबासाठी आकडे मांडून ठेवतो. मी १०४ किलो. सायकल २९ इंची हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), १५ किलो १०० ग्रॅम. पाणी, पंप, हत्यारं मिळून दोन किलो. एकूण १२१ किलो. राहायला मुलुंडला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हलकी चाकं हवीत त्याचं निम्मं कारण हा जिना आहे, चढावरचा वेग नव्हे.

काय हवंय: जोडी हलकी व्हावी आणि पावसाळा असो, एलबीएस रोडचे पेव्हर ब्लॉक असोत, स्पोक तुटू नये. खर्च टायरसकट चाळीस हजारांच्या आत.

५ ऑक्टोबर

तुटलेला स्पोक आईच्या पंचांग वाचायच्या भिंगाखाली धरला. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकातून बाहेर पडून जिथे वळतो, तिथे कोपरावरच तुटलाय. तुटलेल्या तोंडाचे दोन भाग अगदी वेगळे दिसतात. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट, कडेला गंजाची तांबूस रेघ. उरलेला खरखरीत आणि चकचकीत. काळपट भाग ही आधीपासून हळूहळू सरकत आलेली भेग. चकचकीत तेवढाच शुक्रवारी तुटला. म्हणजे येऊरच्या कुठल्या दगडाने तो मोडला नाही, बरेच महिने तो मोडतच होता.

असं का होतं हे एकदा नीट मांडायला हवं, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरणार. सायकलचं चाक स्पोकच्या ताणावर उभं असतं. वजन आलं की जमिनीलगतचे चार-पाच स्पोक थोडे ढिले पडतात, चाक पुढे गेलं की परत ताणले जातात. प्रत्येक फेरीत एकदा. या टायरचा परीघ सुमारे २.३ मीटर, म्हणजे किलोमीटरला ४३० च्या वर फेऱ्या, हजार किलोमीटरला सव्वाचार लाखांच्या पुढे. धातू थकतो तो या ओढ-ढिलीने. मुळातला ताण भरपूर असेल, तर ढिला पडूनही स्पोक ताठ राहतो. ताण कमी असेल आणि वर माझ्यासारखा माणूस बसला असेल, तर तो पार सैल होतो, कोपरावर हलतो, आणि लाखो वेळा हलला की जातो.

डावीच बाजू का, याचंही उत्तर यातच आहे. मागच्या हबवर उजवीकडे कॅसेटला (दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्याला) जागा द्यावी लागते, त्यामुळे उजवे स्पोक उभे आणि डावे जास्त तिरके बसतात. रिम मधोमध राहायची तर उजव्यांना जास्त ओढावं लागतं आणि डाव्यांना कमी. कारखान्यात घाईने बांधलेल्या चाकात उजवेच कमी ओढलेले असतील, तर डाव्यांना काहीच उरत नाही.

एका मित्राकडे पार्क टूलचा ताणमापक आहे, तो आणून लावला. उजवीकडचे स्पोक ७० ते ११० किलो ताण, शेजारी-शेजारीसुद्धा एवढा फरक. डावीकडे काही ३० च्या खाली. चाक फिरवून पाहिलं तर चांगलं सरळ दिसत होतं! सरळ चाक आणि पक्कं चाक यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

९ ऑक्टोबर

भांडुपच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात तिथल्या मामांना स्पोक दाखवला. मामांनी तो बोटात फिरवून बघितला आणि म्हणाले, “साहेब, ही तार तुमच्या वजनाची नाहीच. तेरा नंबर टाकू. पुन्हा तक्रार घेऊन आलात तर पैसे परत.”

तेरा नंबर म्हणजे २.३ मिलिमीटर. आत्ताचे चौदा नंबर, म्हणजे २ मिलिमीटरचे, सरळसोट जाडीचे. मामांचा सल्ला अनुभवातून आलाय, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांची हयात डबेवाल्यांच्या, पाववाल्यांच्या, सिलिंडरवाल्यांच्या सायकली बांधण्यात गेली. त्यांनीच एक गोष्ट आठवण करून दिली जी माझ्या डोक्यातच आली नव्हती: आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. बोजा मागे, म्हणून तारा मागे. “तुमच्या नव्या गाड्यांना दोन्हीकडे सारख्याच कशा काय?” हा प्रश्न लाखमोलाचा आहे. पुढचं चाक आणि मागचं चाक वेगवेगळं का असू नये?

तेरा नंबरचं मात्र पटत नाही. घरी जाऊन गणित करतो म्हणालो. मामांनी “करा गणित” असं ज्या सुरात म्हटलं, तो सूर इथे लिहिता येत नाही.

११ ऑक्टोबर

सगळं उतरवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. डिस्क, कॅसेट आणि क्विक रिलीजशिवाय (चाक फ्रेमला आवळणारी खटक्याची दांडी) पुढचं चाक १,१२० ग्रॅम, मागचं १,४२०. टायर तारेच्या कडांचे, प्रत्येकी ९४०. ट्यूब प्रत्येकी २२०. रिमच्या रबरी पट्ट्या पंचवीस-पंचवीस. म्हणजे चाकांचं धातूचं सामान २,५४० ग्रॅम आणि वरचं रबर २,३७०. रबर जवळजवळ तेवढंच भरतं. चाक हलकं करायचं म्हटलं की सगळे रिमकडे धावतात आणि ट्यूबकडे कोणी बघत नाही.

आता या हलकेपणाचा उपयोग किती, तेही प्रामाणिकपणे. समजा दोन्ही मिळून एक किलो वाचला. १२१ मधला एक, म्हणजे ०.८ टक्के. उपवनपासून येऊरचा चढ मला वीस मिनिटं घेत असेल, तर वाचणार दहा सेकंद. फिरणारं वजन दुप्पट मोजायचं, असं म्हणतात; ते खरं आहे, पण फक्त वेग वाढवताना, आणि तेही रिम-टायरसारख्या कडेच्या वजनाला. एका लयीत चढताना वजन ते वजन. म्हणजे माझ्यासारख्याला ग्रॅमाग्रॅमासाठी हजारो रुपये ओतायचं कारणच नाही. पाणी एक बाटली कमी नेली तरी तेवढाच फायदा.

मग हलकं हवंच कशाला? जिना आहे, स्टेशनचे पूल आहेत, आणि सिग्नल सुटल्यावर सायकल चटकन उठते ते सुख आहे. तिन्ही कारणं खरी. पण त्यांच्यासाठी मजबुती गहाण ठेवायची नाही, एवढं ठरलं.

१६ ऑक्टोबर

तयार जोड्या बघितल्या. लवकर उरकलं. २८ स्पोकांची एक सुरेख हलकी जोडी होती, पण तिच्या कागदावर एकूण वजनाची मर्यादा ११० किलो. एकूण म्हणजे माणूस, सायकल आणि सामान. फक्त माणूस समजून बरेच जण घेऊन मोकळे होतात. कागदावर दुसराही एक आकडा असतो, वापराच्या वर्गाचा. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या तिसऱ्या वर्गात कच्चे रस्ते आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या धरलेल्या असतात. मला तेवढं रगड. उड्या मी मारत नाही, रस्ते खाते माझ्याकडून मारून घेतं.

ई-बाइकसाठी केलेल्या जोड्यांची वजनमर्यादा बरीच वर असते, भारी माणसाला त्या चालू शकतात. पण त्या माझ्या मागच्या १३५ मिलिमीटर क्विक रिलीजच्या फ्रेमला बसत नाहीत. म्हणजे बांधून घेणं आलं.

२५ ऑक्टोबर

भाऊबीज वगैरे उरकली. आज स्पोकचं गणित, मामांना दाखवण्यासारखं.

दोन टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ पर्यंत बारीक केलेले स्पोक मिळतात. बटेड म्हणतात त्यांना. डीटी स्विसचा कॉम्पिटिशन आणि सॅपिमचा रेस, दोन्ही याच मापाचे. मधला आडवा छेद सरळ स्पोकपेक्षा १९ टक्क्यांनी कमी. कमकुवत दिसतो, पण तुटायची जागा मध्ये नाहीच, ती टोकांना आहे, आणि टोकं तेवढीच जाड आहेत.

पुढची गोष्ट खरी मजेची. स्पोकला १०० किलो ताण दिला की तो रबरासारखा थोडा लांबतो. २९० मिलिमीटरचा २ मिलिमीटरचा सरळ स्पोक सुमारे ०.४५ मिलिमीटर लांबतो, मध्ये १.८ असलेला सुमारे ०.५५. खड्ड्यात रिम जमिनीलगत दबते तेव्हा ती जेवढी दबेल, तेवढं हे लांबलेपण खर्ची पडतं. सरळ स्पोक ०.४५ मध्येच पार सैल होणार. बारीक स्पोकाकडे जास्त शिल्लक आहे. शिवाय तो स्वतः जरा लवचिक असल्यामुळे धक्का शेजारच्या स्पोकांवरही वाटला जातो. तेरा नंबरची तार तर ०.३५ च्या आसपासच लांबेल, म्हणजे आणखी लवकर सैल. काळ्या सायकलीत जाड तार का चालते? तिथे तारा ४० आहेत आणि टायरखाली लोखंडी रिम आहे. माझ्याकडे यातलं काही नाही.

वजनाचा फायदा वर फुकट: स्पोकमागे साधारण १.२ ग्रॅम, चौसष्टांचे पंचाहत्तरच्या आसपास. हलकंही आणि टिकाऊही, दोन्ही एकाच खरेदीत पडणारी या अख्ख्या यादीतली ही एकमेव वस्तू.

मध्ये १.५ मिलिमीटरचेही मिळतात. ते नको. बांधताना पीळ फार बसतो, आणि माझ्या वजनाखाली चाक बाजूला लचकेल.

निपल, म्हणजे स्पोकला रिमशी धरणारी छोटी नट, पितळीच. अ‍ॅल्युमिनियमचे घेतले तर चौसष्टांत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम वाचतात. पण मुंबईची हवा खारट, पावसाळा चार महिन्यांचा, आणि स्टीलच्या आट्यांवर अ‍ॅल्युमिनियम चढवून त्याला खारट ओल दिली की ते भुरभुरायला लागतं. दोन वर्षांनी आउट काढायला गेलो की निपल फिरायच्या ऐवजी गोल होणार.

१ नोव्हेंबर

हब.

चढावर मी उभा राहून पूर्ण वजन आडव्या पायडलवर टाकलं, तर १०४ किलो गुणिले १७५ मिलिमीटरचा क्रँक (पायडलचा दांडा), म्हणजे क्रँकवर सुमारे १७८ न्यूटन-मीटर. पुढे २२ दाती आणि मागे ३६ दाती चकती असेल, तर मागच्या हबवर ते २९० च्या वर जातं. टर्बो नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल गाडीचं इंजिन सव्वाशेच्या आत असतं. गाडीला पुढे गिअर आहेत, म्हणून तुलना सरळ होत नाही, हे मान्य. पण हबच्या आत पकड घेणाऱ्या तीन छोट्या खुट्या काय सोसतात याची कल्पना येते. मूळ हब चढावर मधूनच ‘खट्’ करून निसटतो, त्याचं कारण हेच. गुडघा हँडलवर आपटतो ते वेगळं.

म्हणून मागे डीटी स्विस ३५०. त्यात खुट्या नाहीत. ३६ दात्यांच्या दोन कड्या समोरासमोर असतात आणि सगळे दाते एकदम अडकतात. दर १० अंशांना पकड, मला पुरे. आणि टोकाची टोपी हाताने ओढून निघते, आतलं पुसून ग्रीस भरायला हत्यार लागत नाही. पावसाळ्यात चिखलातून चालवणाऱ्याला याची किंमत कळेल. फ्रीहब बॉडी, म्हणजे कॅसेट चढते तो भाग, अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिच्यात सुट्या स्टीलच्या चकत्या रुततात, पण माझ्या कॅसेटच्या मोठ्या चकत्या एका सांगाड्यावर जोडलेल्या आहेत, त्यामुळे निभावेल. बजेटमधला सगळ्यात मोठा घास हाच.

पुढचा हब जुनाच ठेवतो. वाटी-कोनाचा, ३२ भोकांचा, वाट्यांना ओरखडा नाही. नवे छर्रे आणि ग्रीस. पुढच्या हबला माझे पाय काही करत नाहीत. आणि तिथले शंभर ग्रॅम चाकाच्या अगदी मध्यावर, फिरण्याच्या दृष्टीने जवळपास नसल्यासारखेच.

९ नोव्हेंबर

रिमचा प्रश्न आठवडाभर घोळला. कार्बनचा मोह झाला, खोटं का बोला. चांगल्या कार्बनच्या रिमा भारी माणसालाही व्यवस्थित पेलतात. वजन ही त्यांची अडचण नाही. अडचण माझी आहे. एका चाकाच्या पैशात माझी अख्खी जोडी होते. आणि अ‍ॅल्युमिनियमची कड खड्ड्यात दबली तर मामा पक्कडीने सरळ करून देतात. कार्बनला तडा गेला की विषय संपला.

मामांच्या ३२-४० वरून ठरलं ते असं. मागे ४० भोकांची एमटीबी (माउंटन बाइकची) रिम मिळणं शक्य नाही, ३६ सुद्धा शोधावी लागते. मग तारांचा फरक रिमच्या वजनात करायचा. पुढे ५०० ग्रॅमच्या आसपासची, मागे साठ-सत्तर ग्रॅम जास्तीची. दोन्ही ३२ भोकी, दोन्ही दुहेरी भिंतीच्या, आतली रुंदी ३० मिलिमीटरच्या जवळपास.

मागची रिम असममित. म्हणजे स्पोकांची भोकं मधोमध नाहीत, दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकवलेली असतात. बसवताना ती डिस्कच्या बाजूला येतील अशी धरायची. डावे स्पोक थोडे उभे होतात, उजवे थोडे तिरके, आणि डाव्यांना ताण जास्त मिळतो. ५ ऑक्टोबरच्या नोंदीतला आजार इथे मुळातून कमी होतो. दोन-तीन मिलिमीटरची करामत, वजन शून्य. उलटी बसवली तर मात्र होतं ते वाईट, आणखी वाईट होईल.

१५ नोव्हेंबर

खरेदी. मस्जिदला उतरून आधी नागदेवी स्ट्रीट: छर्रे, ग्रीस, निपलसाठी नीट बसणारा पाना. नागदेवीत छर्रे किलोवर विकतात. मला हवे होते मूठभर. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, बरणीत हात घातला, मापाने तपासून कागदाच्या पुडीत दिले आणि पैसे घेईना. मग पान्याचे पाच रुपये जास्त लावले.

तिथून चालत काळबादेवी. हब मागवलेला आला होता. रिमा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मिळाल्या. पुढची काट्यावर ५०४, मागची ५६२. स्टिकर एकमेकांना शोभत नाहीत, सोलून टाकणार. दुकानदाराच्या काट्यावर वजन करून घ्यायचा आग्रह धरला म्हणून गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत. छापील वजन आणि खरं वजन यांत पंधरा-वीस ग्रॅमांचा फरक नेहमीचाच. २२ सप्टेंबरपासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्याचा एवढ्या बिलावर चांगला फरक पडला.

स्पोक आज घेतले नाहीत. लांबी मोजल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

१६ नोव्हेंबर

दोन जुने स्पोक कापले, टोकाला निपल चढवले, रिमच्या समोरासमोरच्या भोकांतून आत ओढून मधलं अंतर मोजलं. तीन-चार ठिकाणी घेऊन सरासरी. हबच्या कडांचा व्यास आणि मध्यापासूनचं अंतर कॅलिपरने. तीन छेदांच्या बांधणीला (प्रत्येक स्पोक वाटेत तिघांना ओलांडतो) मागचं चाक उजवीकडे २९१.६, डावीकडे २९३.३ असं आलं. २९२ आणि २९४ मागवले. पुढच्यालाही तेच चालतायत, फक्त बाजू उलट. डिस्क डावीकडे असल्यामुळे आखूड डावीकडे.

२९ नोव्हेंबर

मामांचं दुकान, दुपारची वेळ, गिऱ्हाईक कमी. गणिताचा कागद मी दाखवला. मामांनी तो बघितला नाही. स्पोक मात्र निरखून बघितले. मध्ये अंगठा फिरवला, टोकाला फिरवला. “मध्ये बारीक करून टोकाला जाड ठेवलीय. म्हणजे तुटते कुठे ते कुणाला तरी ठाऊक आहे.” एवढं बोलून कामाला लागले.

हात बघत राहावे असे. आधी प्रत्येक स्पोकच्या आट्या अळशीच्या तेलात बुडवल्या. बांधताना तेल सरकायला मदत करतं आणि नंतर सुकून निपल धरून ठेवतं. स्पोक घालताना हबच्या कडेला कोपर चिकटून बसतंय की नाही हे प्रत्येक वेळी अंगठ्याने दाबून बघत होते. आतून घालून कडेच्या बाहेरून जाणारे स्पोक सुरुवातीला हवेत कमान करून उभे राहतात. त्यांना हातानेच वाकवून कडेला टेकवलं. ही कमान तशीच सोडली तर चाक चालता चालता ती सरळ करतं आणि ताण उतरतो.

ताण चढवताना मामा निपल पाव फेरा जास्त फिरवून तेवढाच मागे घेत होते. बारीक स्पोक निपलबरोबर पिळला जातो. मागे घेतलं की पीळ सुटतो. मग दोन्ही हातांनी समांतर स्पोकांच्या जोड्या जोरात आवळल्या, चाकभर. कट्कट् आवाज येत होते, पीळ आणि कोपरं जागेवर बसल्याचे. पुन्हा आउट, पुन्हा आवळणं. आवाज यायचे थांबेपर्यंत.

मी मापक लावला. उजवीकडे १०८ ते ११६. मामांनी मापक हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. निव्वळ बोटांवर सोळा स्पोक आठ किलोंच्या फरकात आणणाऱ्या माणसाला या यंत्राची गरज मलाच पटवता येईना. डावीकडे ७८ ते ८५. जुन्या चाकाच्या तिशीशी ताडून बघा. रिमवर कमाल १२० लिहिलंय, त्याच्या आत आहोत.

मजुरी मामांनी सांगितली त्यापेक्षा जास्त दिली. घेताना कुरकुरले.

३० नोव्हेंबर

बायको पेटी शिकवते. सकाळी चाक दिवाणखान्यात होतं, मी स्पोक टिचकी मारून ऐकत होतो. एकाच बाजूच्या सारख्या लांबीच्या स्पोकांना ताण सारखा असेल तर सूरही सारखा यायला हवा. मला सगळे सारखेच वाटत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला, “तो आत्ताचा उतरलाय.” मापक लावला: १०८. त्या बाजूचा सगळ्यात कमी तोच.

मग ती पेटी घेऊनच बसली. उजवीकडचे सोळाही ऐकले, दोन चढे आणि एक उतरलेला सांगितला. तिन्ही मापकावर बरोबर निघाले. निपल अष्टमांश फेरा फिरवून जुळवले. आता उजवी बाजू १११ ते ११४. मित्राला मापक परत द्यायला हरकत नाही.

७ डिसेंबर

रबर. टायर घडीचे, २.३५ रुंद, ट्यूबलेसचे. बाजूची भिंत पातळ असलेले सहाशे-सातशे ग्रॅमचे मिळतात, ते मुद्दाम टाळले. भारी माणसाने टायरच्या भिंतीत काटकसर केली की टायर वळणात मुरडतो आणि दगडावर रिमला मार बसतो. निवडलेले ८६२ आणि ८६८. ट्यूब गेल्या, सीलंट (आतून भोकं बुजवणारा द्रव) आला, चाकामागे १२० मिलिलिटर. टेप आणि व्हॉल्व्ह चाकामागे वीस ग्रॅम.

मागचा टायर साध्या पंपाने बसेना. पेट्रोलपंपावर नेऊन हवा भरली. दोन मोठे आवाज करत कडा बसल्या, भरणारा पोरगा दोन पावलं मागे सरकला.

हवेचा दाब आत्ता पुढे २६, मागे ३० पीएसआय. ट्यूब असताना चिमटा बसून पंक्चर होऊ नये म्हणून मागे ४० च्या वर ठेवावा लागायचा. रस्त्याचा मार कमी बसतो तो मुख्यतः यामुळे, आणि तो रिम-स्पोकांनाही कमीच बसतो. वजनदार स्वाराच्या चाकाचं आयुष्य वाढवायचं असेल आणि एकच बदल परवडत असेल, तर तो हा करावा. जोडी नंतर बघता येईल.

शेवटचा हिशेब: पुढचं चाक ९३६, मागचं १,०७४. धातूत ५३० ग्रॅम वाचले, रबरात साडेतीनशेच्या आसपास. सायकल आता १४ किलो २०० च्या जवळ. रबरातल्या ग्रॅमचा भाव धातूतल्या ग्रॅमच्या निम्म्याहून कमी पडला. एकूण खर्च चाळीसच्या आत, थोडक्यात.

२१ डिसेंबर

तीन हात नाका, कॅडबरी, पोखरण रोड, उपवन, येऊर. पहिले काही किलोमीटर स्पोकांचे हलके कट्कट् आवाज, मग गप्प. चढावर उभा राहून जोर दिला की हब निसटत नाही, हे मनाला अजून पटत नाही; गुडघा सवयीने आखडतो. वेळ बघितला नाही. दहा सेकंदांसाठी घड्याळ कशाला!

हबचा आवाज मात्र मोठा आहे. उतारावर पाय थांबवले की रातकिड्यासारखा किर्र. पाड्यातल्या कुत्र्यांना तो अजिबात आवडला नाही.

घरी आल्यावर आउट तपासला. मागच्या चाकात अर्ध्या मिलिमीटरचा, पुढच्यात दिसण्याजोगा नाही. मामांकडे जायला हवं, नव्या चाकाचं पहिलं बसणं झालं की एकदा हात फिरवावाच लागतो.

१ फेब्रुवारी २०२६

मामांनी आउट काढल्यापासून पाना लागलेला नाही. मापक पुन्हा मागून आणला: उजवीकडे १०९ ते ११३, डावीकडे ७६ ते ८२. सगळेच एक ते तीन किलोंनी उतरलेत, जवळपास सारखे उतरलेत, म्हणजे ठीक आहे. पवईजवळ खड्ड्याच्या धारेवर मागच्या रिमला मार बसला. कड जराशी दबलीय, टायर हवा धरतोय, स्पोकांच्या ताणात फरक नाही. पक्कड लावायची गरज नाही.

सीलंट वाळत चाललाय, मार्चमध्ये साठ-साठ मिलिलिटर टाकायचा. पाऊस सुरू व्हायच्या आत मागच्या हबच्या कड्या पुसून ग्रीस, पुढच्याचे छर्रे उघडून बघायचे. जुनं मागचं चाक मामांना दिलं. हब भंगारात, रिम त्यांनी ठेवून घेतली.